खगोलचित्र, दैनंदिन

खगोलचित्र, दैनंदिन : रोज एक याप्रमाणे, दिनांक व संक्षिप्त स्पष्टीकरण यांसह प्रसिद्ध होणारे खस्थ पदार्थाचे किंवा घटनेचे चित्र. अमेरिकन ज्योतिर्विद रॉबर्ट नेमिरॉफ व जेरी बॉनेल यांनी ‘नासा’ या संस्थेच्या संकेतस्थळावर १६ जून १९९५ रोजी असा उपक्रम सुरू केला. जुनी चित्रे दिनांकवार जतन केलेली असल्याने जन्म, विवाह इ. प्रसंगांच्या दिवसाचे चित्र शोधण्याची आवड रूढ झाली. हबल दूरदर्शकास ३० वर्षे झाली तेव्हा (२०२०) वाढदिवसाला त्याने टिपलेले दृश्य शोधण्याची सोयही झाली. मात्र तीत केवळ दिवस व महिना जुळतो, वर्ष जुळतेच असे नाही.

जन्मदिवसाचा आकाशाशी संबंध जोडणे महाराष्ट्रात नवे नाही. जन्मसमयी चंद्र क्रांतिवृत्ताच्या २७ समान भागांपैकी (प्रत्येकी १३° २०′) ज्या भागात असतो, ते जन्मनक्षत्र होय. त्यावरून वर्तविल्या जाणाऱ्या भविष्यास शास्त्रीय आधार नाही. परंतु चंद्राचे ते स्थान त्या क्षणाचे व गणिताने पडताळता येणारे असते. दैनंदिन चित्राची निवड मात्र संपादक करतात. त्या रात्रीच्या आकाशाशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

चित्राचा अर्थ लावताना तीन काळ वेगळे मानावे लागतात : प्रसिद्धीचा, छायाचित्रणाचा व प्रकाश निघाल्याचा. उदा., गरुड अभ्रिकेतील वायुस्तंभांचे हबलने घेतलेले विख्यात चित्र १ एप्रिल १९९५ रोजी टिपले गेले व २ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रसिद्ध झाले. ही अभ्रिका सु. ६,५०० ते ७,००० प्रकाशवर्षे दूर असल्याने त्यातील प्रकाश तितक्याच वर्षांपूर्वी निघालेला होता. प्रसिद्धीचा दिनांक हा केवळ वाचकाच्या सोयीचा होय.

व्यक्तीच्या वयाशी खरा मेळ ताऱ्यांच्या अंतरांवरून घालता येतो. श्रवण सु. १७, अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५ व मघा ७९ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणून पंचविशीतील व्यक्तीस आज दिसणारा अभिजिताचा प्रकाश तिच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. हा मेळ वर्षाचा असतो, दिवसाचा नव्हे.

असे निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी करता येते. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी येथून (अक्षांश सु. २१° २३′ उ.) पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच अभिजित वायव्येस सु. ६०° उंचीवर दिसतो. पारशिवनी व रामटेक तालुक्यांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम प्रकाशापासून जपलेल्या आकाशाचे उद्यान) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दिव्यांच्या झगमगाटात मंद तारे लोपतात. त्यामुळे असे आकाश राखणे हे निरीक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.