पैसे वडिलांचे, गाडी कोणाची? जुन्या मोटारीच्या खरेदीविषयीचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दापोली शहराला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेने येणाऱ्याला खेडला उतरून पुढचा वळणावळणाचा रस्ता धरावा लागतो, आणि हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ ही गावे नकाशावर जवळ दिसली तरी एसटीच्या वेळापत्रकावर सगळी कामे उरकत नाहीत. कृषी विद्यापीठात नुकताच नोकरीला लागलेला तरुण असो, आंब्याची बाग पाहणारा मुलगा असो किंवा घरगुती निवास-न्याहारीचा व्यवसाय मांडणारी मुलगी असो, त्यांची पहिली मोटार बहुधा जुनी असते, ती पुष्कळदा मुंबई-ठाण्याकडून येते आणि तिच्या किमतीचा मोठा वाटा आई-वडील उचलतात. अशा व्यवहारात पैसे कोणाचे, नोंदणी कोणाच्या नावावर आणि चालवणार कोण, हे तीन प्रश्न घरात एकच मानले जातात. कायदा मात्र त्या तिन्हींकडे वेगवेगळे पाहतो आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ याच फरकात आहे.

ज्याने पैसे मोजले तो मालक, ही समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत अपायकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) मधील व्याख्येनुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो त्याचा मालक होय. कर्जाच्या तारणासारख्या काही बाबतींत ताबा असलेल्या व्यक्तीला मालक मानले जाते, पण ते अपवाद आहेत. वडिलांनी निम्मी किंवा संपूर्ण रक्कम दिली असली तरी नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘आरसी बुका’वर, मुलाचे नाव असेल, तर या अधिनियमापुरता मालक मुलगा आणि मालकाची जबाबदारीही त्याचीच. उलट वडिलांच्या नावावर घेतलेली गाडी मुलगा चालवत असेल, तर तिच्या अपघातातून उद्भवणाऱ्या भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून वडिलांना उभे राहावे लागते.

याच समजुतीचे दुसरे रूप म्हणजे कोऱ्या ‘टीटी फॉर्म’वरील सह्या. विकणारा नमुना २९ आणि नमुना ३० यांच्यावर सह्या करून देतो, पैसे घेतो, किल्ली देतो आणि व्यवहार पूर्ण झाला असे दोन्ही बाजू मानतात. नमुना २९ ही मालकाने परिवहन कार्यालयाला द्यायची हस्तांतरणाची सूचना आहे आणि नमुना ३० हा नाव बदलण्यासाठीचा अर्ज आहे. ते दाखल होऊन नोंद बदलेपर्यंत कपाटातल्या सह्यांनी मालक बदलत नाही. कलम ५० प्रमाणे वाहन राज्यातल्या राज्यात विकले असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. ही मुदत न पाळल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालातून स्पष्ट झाले. त्या प्रकरणातील मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकल्याचे सांगितले होते, त्यानंतर ती आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. परंतु नोंदणीवर नाव मूळ मालकाचेच राहिले असल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली, कारण अपघातग्रस्त कुटुंबाने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली याचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा न्यायालयाला मान्य नव्हती. जुनी गाडी देऊन त्या पैशात मुलासाठी दुसरी घेणाऱ्या वडिलांनी हा निकाल विशेष लक्षात ठेवावा, कारण विकलेल्या गाडीची जोखीम त्यांच्या नावाला चिकटून राहू शकते.

गाडी वडिलांच्या नावावर घेतल्यास विमा स्वस्त पडतो, ही कल्पना परदेशातून आली असावी. तिथे काही देशांत तरुण चालकाला चढा हप्ता पडतो. भारतात तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्याचा, दर चालकाच्या वयावर नव्हे तर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो; जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीला वार्षिक २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० घनसेंटिमीटरच्या मोटारीला ३,४१६ रुपये असा आकार होता. वडिलांचे नाव लावून या भागात काहीच वाचत नाही, मात्र गमावण्यासारखे बरेच असते. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण विम्याबरोबर दिले जाते, ते वाहन चालवण्याचा परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकासाठी असते. साठीच्या पुढचे, परवाना नसलेले वडील कागदोपत्री मालक आणि रोज खेडच्या रस्त्याने जाणारा मुलगा चालक, अशा मांडणीत ज्याला संरक्षणाची खरी गरज आहे तोच त्याच्या बाहेर राहण्याचा धोका असतो. जो चालवणार आणि जो गाडी सांभाळणार, त्याच्या नावावर नोंदणी करावी, पैसे कोणीही दिलेले असोत, हा नियम बहुतेक कुटुंबांना हिताचा आहे. चालवणारा अठरा वर्षांखालील असेल, तर मुळात प्रश्नच उरत नाही, कारण २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालक दोषी धरला जातो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

विमा गाडीबरोबर आपोआप येतो, हे विधान अर्धेच खरे आहे. कलम १५७ मुळे तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे मानले जाते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, अन्यथा गाडी झाडावर आदळली तर दावा फेटाळला जाऊ शकतो. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी आणि वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोहोचणारी सूट, ही तर गाडीची नसून विमेदाराची असते. विकणारा ती आपल्याबरोबर घेऊन जातो. वडिलांनी साठवलेली सूट मुलाच्या नावावरील गाडीला लावता येत नाही.

पैशाच्या बाजूला भीती आणि बेफिकिरी दोन्ही आढळतात. वडिलांनी मुलाला मोठी रक्कम दिली की त्यावर कर बसतो, ही भीती निराधार आहे. पूर्वीचा भेटकर कायदा १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या भेटींना लागू नाही आणि आजच्या प्राप्तिकर कायद्यात आई-वडील ‘नातेवाईक’ या व्याख्येत येत असल्याने त्यांच्याकडून मिळालेली भेट, रक्कम कितीही असली, तरी मुलाचे करपात्र उत्पन्न ठरत नाही. बेफिकिरी आहे ती रोखीबाबत. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेइतका दंड होऊ शकतो, आणि रक्कम हप्त्याहप्त्याने दिली म्हणून हा नियम टळत नाही. गाडी विकणाऱ्याला हा नियम लागू होतोच, पण वडिलांकडून रोख भेट घेणाऱ्या मुलालाही होतो. आंब्याच्या हंगामानंतर घरात रोकड असते आणि ती तशीच पुढे दिली जाते. त्याऐवजी वडिलांच्या खात्यातून मुलाच्या आणि मुलाच्या खात्यातून विकणाऱ्याच्या, अशी रक्कम बँकेमार्फत गेल्यास कोणालाच खुलासा करावा लागत नाही. ही भेट आहे की परत करायची उसनवारी, हेही एका साध्या कागदावर लिहून ठेवणे इष्ट, विशेषतः भावंडे असतील तर.

वडील रोख मदत न करता कर्जाला जामीन राहतात, तेव्हा ‘नुसती सही आहे’ असे त्यांना सांगितले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने किंवा पतसंस्थेने आधी मुलाच्या मागे लागून थकल्यावरच वडिलांकडे यावे, असे बंधन कायद्याने घातलेले नाही. थकबाकी झाली तर ती वडिलांच्या पतनोंदीतही उमटते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यांना घरदुरुस्तीसाठी कर्ज हवे असेल तेव्हा आड येते. मुलावर विश्वास असणे आणि हप्ता आपल्याला भरावा लागला तर झेपेल का याचा हिशेब मांडणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी नाहीत. विकणाऱ्याच्या कर्जाबद्दलही एक गैरसमज आहे: त्याने कर्ज फेडले म्हणजे गाडीवरचा बोजा उतरला, असे धरले जाते, वस्तुतः बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयाकडे जाऊन ‘एचपी’ची नोंद निघेपर्यंत बोजा कागदावर राहतो.

मुंबई-ठाण्याकडच्या गाडीला एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीचा क्रमांक घ्यावाच लागतो, हे खरे नाही. राज्यातल्या राज्यात क्रमांक तोच राहतो, बदलतात ते मालकाचे नाव आणि पत्ता. नवा क्रमांक लागतो तो दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवल्यास. पंधरा वर्षांची गाडी भंगारात जाते, ही समजूत दिल्ली परिसरातील निर्बंधांच्या बातम्यांवरून पसरली. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी योग्य स्थितीत असल्याचे तपासणीत ठरले, तर ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. त्यासाठीचे शुल्क आणि पर्यावरण कर धरून मगच चौदा वर्षांच्या गाडीची किंमत ठरवावी. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर १८ टक्के कराचा निर्णय घेतल्यावर घरगुती व्यवहारही महागल्याची चर्चा झाली. हा कर नोंदणीकृत व्यावसायिक विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर आहे, एका कुटुंबाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीवर नाही. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन पर्यटकांना हर्णै-मुरुडला नेता येते, असा हिशेब मांडून वडिलांकडून पैसे घेणाऱ्यांनी हे जाणावे की त्याला परवाना लागतो आणि खासगी वापराच्या विम्याखाली अशा फेरीत झालेल्या नुकसानीचा दावा टिकत नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र कागदांविषयी नसून प्रत्यक्ष गाडीविषयी आहे: किलोमीटरचा आकडा कमी म्हणजे गाडी चांगली. आकडा मागे फिरवता येतो, ही झाली एक गोष्ट. पण तो खरा असला तरी कोकणात त्याचा अर्थ वेगळा होतो. दरवर्षी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांत उघड्यावर उभी राहिलेली, फक्त गणपतीत आणि शिमग्याला चालवलेली गाडी वीस हजार किलोमीटरवरही तळातून गंजलेली असू शकते, तर रोज महामार्गावर धावलेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली साठ हजारांची गाडी निरोगी असू शकते. किनाऱ्यावर, कर्दे किंवा मुरुडच्या वाळूत नेलेल्या गाडीत खाऱ्या पाण्याचे शिंतोडे चासीच्या सांध्यांत आणि ब्रेकच्या नळ्यांवर बसतात. ते वरून धुतलेल्या रंगात दिसत नाहीत. म्हणून गाडी गॅरेजमध्ये वर उचलून पाहावी, जॅक लावण्याच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरने हलके दाबून पत्रा पिचतो का ते तपासावे, आणि चढावर क्लच घसरतो का हे सपाट रस्त्यावर नव्हे तर घाटातच अजमावावे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पाण्यात बुडालेली आणि विमा कंपनीने संपूर्ण नुकसान ठरवलेली वाहने लिलावात विकली जातात, दुरुस्त होतात आणि कधीकधी आपला इतिहास मागे सोडून दुसऱ्या तालुक्यात विक्रीला येतात. अशी गाडी ओळखण्याची सोपी खूण सीटबेल्टमध्ये असते: पट्टा शेवटपर्यंत पूर्ण ओढून बाहेर काढला की आतल्या, एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ किंवा डाग दिसतो, कारण साफसफाई करणारा सहसा तितका ओढत नाही. सुट्या चाकाच्या खड्ड्यातील गाळ, गालिच्याखालचा ओलसर वास, आसनांच्या रुळांवरील बोल्टांचा गंज आणि दिव्यांच्या काचेच्या आतला धुरकटपणा हे पुरावे त्याला जोड देतात. पाणी शिरलेल्या गाडीतील विजेची यंत्रणा काही महिने नीट चालून मग एकेक करून बिघडते, म्हणून पहिल्या चाचणीत सारे ठीक वाटणे हा काही निर्वाळा नव्हे.

वाहन क्रमांकावरून शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर मालकाचे अंशतः नाव, नोंदणीची तारीख, बोजा आणि विम्याची मुदत पाहता येते, थकलेली ई-चलाने स्वतंत्रपणे तपासता येतात, आणि चासीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ही पडताळणी बयाणा देण्याआधी व्हावी आणि रकमेचा काही भाग नाव बदलल्याची नोंद दिसेपर्यंत लेखी कराराने राखून ठेवावा. गाडी वडिलांच्या नावावर ठेवणे काही कारणाने अपरिहार्यच असेल, तर २०२१ पासून मालकाला नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशन करता येते. ते करून घेतल्यास त्यांच्या पश्चात नमुना ३१ भरून, तीन महिन्यांच्या मुदतीत, गाडी मुलाच्या नावावर करणे सुकर होते.