विश्लेषण : पोळी-भात कमी करून डोंगर चढता येतो का?

वजन आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी ब्रेड, पोळी आणि भात कमी करणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे. यातले अनेक जण शनिवार-रविवारी सिंहगड, कळसूबाई किंवा राजगडाची वाटही धरतात. आहारात बदल करून पंधरा दिवस झालेले असतात आणि नेहमीच्या चढाला पाय जड होतात. ‘पोळी सोडली म्हणून ताकद गेली’ असे सोबतचे सांगतात, तर ‘चरबी जळते आहे, थोडा धीर धर’ असा सल्ला समाजमाध्यमांवर मिळतो. दोन्हींत थोडे तथ्य आहे. नेमके काय घडते आणि डोंगरात जाणाऱ्याने कर्बोदके कधी, किती कमी करावीत, याचा हा आढावा.

कर्बोदके कमी करण्याची गरज खरेच आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या ताटातील सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, तर जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून येते, असे त्यांत दिसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तृणधान्यांचा वाटा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे.

घरच्या ताटाचा हिशेब केला की हे आकडे समजतात. तीन पोळ्यांत सुमारे ६० ग्रॅम, वाटीभर भातात २५ ते ३० ग्रॅम, आमटी आणि बटाट्याच्या भाजीत मिळून आणखी २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एका जेवणात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. अशी दोन जेवणे, सकाळचे पोहे आणि साखरेचे दोन चहा धरले तर दिवसाला ३०० ग्रॅम सहज ओलांडले जातात. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते चालते. आठ तास खुर्चीत बसणाऱ्याला ते जास्त होते. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला साधारणपणे ‘लो कार्ब’, तर ५० ग्रॅमच्या आतल्या आहाराला ‘कीटो’ म्हटले जाते.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या व्यावसायिकाने १८६३ मध्ये स्थूलपणावर एक पुस्तिका लिहिली. ब्रेड, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वर्षभरात सुमारे २१ किलो वजन उतरवल्याचा अनुभव त्यात होता. त्याआधी त्याने व्यायामाचा मार्गही धरला होता. रोज पहाटे तो नदीत नाव वल्हवत असे. अंगात ताकद आली, पण भूक इतकी वाढली की वजन कमी होईना, अशी तक्रार त्याने नोंदवली आहे. गडावर घाम गाळून वर पोहोचल्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी, मटक्यातले दही आणि गोड सरबत एका बैठकीत संपवणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल.

चढताना शरीर कोणते इंधन वापरते?

दोन इंधने एकाच वेळी वापरली जातात : ग्लायकोजेन आणि चरबी. पोळी-भातातील पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ते ग्लायकोजेनच्या रूपात साठते. स्नायूंत साधारण ३०० ते ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास इतकीच त्याची कोठी आहे. ग्रॅमला चार किलोकॅलरी या दराने ती दोन हजार किलोकॅलरींच्या आत संपते. चरबीची कोठी प्रचंड असते. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात १४ किलो चरबी धरली, तरी ती एक लाख किलोकॅलरींहून अधिक भरते.

प्रश्न वेगाचा आहे. सपाटीवर गप्पा मारत चालताना चरबीचा वाटा मोठा असतो. चढ उभा झाला, बोलताना धाप लागू लागली, की शरीर ग्लायकोजेनकडे वळते. तेवढीच ऊर्जा काढण्यासाठी चरबीला जास्त ऑक्सिजन लागतो आणि ती सावकाश जळते. म्हणून ग्लायकोजेन कमी असलेल्या माणसाला मैदानात काही जाणवत नाही, पण खड्या चढावर तो मागे पडतो.

सिंहगडासाठी किती इंधन लागते?

अंदाज काढणे सोपे आहे. पायथ्यापासून सुमारे ६०० मीटर चढ, चढणारा आणि पाठीवरची पिशवी मिळून ७५ किलो वजन धरले, तर ते वर नेण्याचे काम साधारण १०५ किलोकॅलरींचे होते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असल्याने प्रत्यक्षात खर्च होतात ४०० ते ५५० किलोकॅलरी. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा कर्बोदकांचा धरला, तरी ७० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन पुरते. कर्बोदके कमी केलेल्या माणसाची कोठी निम्मी भरलेली असली, तरी सिंहगडाची एक फेरी त्यात होऊ शकते. रविवारच्या गडासाठी शनिवारी रात्री पोळ्यांची चवड संपवण्याचे कारण नाही.

कात्रज-सिंहगड, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा अलंग-मदन-कुलंग ही मोहीम असेल तर गणित बदलते. आठ-दहा तासांच्या चालीत तीन हजार किलोकॅलरींहून अधिक खर्च होतो. अशा वेळी भरलेली कोठीही पुरत नाही, निम्मी भरलेली तर दुपारीच रिकामी होते. मग अचानक पाय गळतात, डोके बधिर होते, चिडचिड होते. हे बहुधा परतीच्या वाटेवर, उतरताना घडते, आणि लटपटत्या पायांनी सुटी माती असलेला उतार उतरणे सर्वांत धोक्याचे असते.

पहिले दोन-तीन आठवडे अशक्तपणा का येतो?

यामागे दोन कारणे आहेत. पहिले पाण्याचे. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. कोठी रिकामी होताना ते पाणीही बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो, त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. कर्बोदके घटली की इन्सुलिन कमी होते आणि मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकतात. त्यात ऑक्टोबरच्या उन्हातला घाम मिसळला की डोके दुखते, उभे राहताना चक्कर येते, पायात गोळे येतात. पोळी सोडल्याचा थकवा म्हणून जे सांगितले जाते, त्यातला काही भाग मिठाच्या कमतरतेचा असतो.

दुसरे कारण सवयीचे. चरबी वेगाने वापरण्याची यंत्रणा तयार व्हायला स्नायूंना वेळ लागतो. अमेरिकी लष्करी अधिकारी फ्रेडरिक श्वाट्का याने १८७८ ते १८८० या काळात इन्यूइट साथीदारांसह आर्क्टिकमध्ये हजारो किलोमीटरचा स्लेज प्रवास केला. केवळ रेनडिअरच्या मांसावर राहू लागल्यावर सुरुवातीला अशक्तपणा जाणवतो आणि दोन-तीन आठवड्यांत तो जातो, असे त्याने नोंदवले होते.

खेळाडूंवरील अभ्यास काय सांगतात?

अमेरिकी संशोधक स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये पाच प्रशिक्षित सायकलपटूंना चार आठवडे जवळजवळ कर्बोदकविरहित आहार दिला. मध्यम वेगाने थकेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा सरासरी वेळ आधी १४७ मिनिटे होता, नंतर १५१ मिनिटे भरला. म्हणजे मध्यम वेगाची दमदार चाल कायम राहिली. मात्र खेळाडू फक्त पाच होते आणि त्यांच्या निकालांत बरीच तफावत होती.

ऑस्ट्रेलियातील लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अव्वल दर्जाच्या रेस वॉकर्सवर केलेल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. तीन आठवड्यांच्या कठोर सरावानंतर कर्बोदके घेणाऱ्यांची दहा किलोमीटरची वेळ पाच-सहा टक्क्यांनी सुधारली. कमी कर्बोदके आणि भरपूर स्निग्ध पदार्थ घेणारे चरबी विक्रमी प्रमाणात जाळत होते, पण त्याच वेगासाठी त्यांना जास्त ऑक्सिजन लागत होता आणि त्यांची वेळ सुधारली नाही. थोडक्यात, सावकाश आणि लांब चालायचे असेल तर शरीर जुळवून घेते, वेगाने चढायचे असेल तर कर्बोदकांना पर्याय मिळत नाही.

पोळीऐवजी भाकरी घेतली तर?

तंतुमय पदार्थ वाढतात, पोट जास्त वेळ भरलेले राहते, पण कर्बोदके फारशी कमी होत नाहीत. ज्वारी-बाजरीच्या पिठात आणि कणकेत त्यांचे प्रमाण जवळपास सारखेच असते. उलट एका भाकरीला पोळीच्या दुप्पट पीठ लागते. म्हणजे दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या घेतल्या तर कर्बोदके वाढतात. एकूण प्रमाण कमी न करता केवळ धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका घटल्याचे ‘इंडिॲब’च्या विश्लेषणातही आढळले नाही. उपवासाच्या ताटाची कथा वेगळी नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, सोबत बटाटा आणि वरीचे तांदूळ. एकादशीला पोळी नसते, कर्बोदके मात्र भरपूर असतात.

मग ताटात आणि पिशवीत काय असावे?

क्रीडापोषणात अलीकडे रूढ झालेले सूत्र सोपे आहे : ज्या दिवशी जेवढे काम, त्या दिवशी तेवढे इंधन. कपात बसून काढलेल्या दिवसांची करायची, डोंगराच्या दिवसाची नाही.

कामाच्या दिवशी प्रत्येक जेवणात एक पोळी किंवा अर्धी भाकरी, वाटीभर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, दोन भाज्या, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दही किंवा ताक, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी किंवा मासे. साखरेचा चहा आणि बिस्किटे बंद. एवढ्याने दिवसाची कर्बोदके दीडशे ग्रॅमच्या आसपास येतात. काढलेल्या पोळीच्या जागी प्रथिने यायला हवीत. नुसती पोळी काढली आणि काहीच घातले नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

दोन तासांच्या आतल्या टेकडीसाठी पाणी आणि नेहमीचा नाश्ता पुरे. पूर्ण दिवसाच्या ट्रेकला आदल्या रात्री भात किंवा भाकरी पोटभर घ्यावी. निघण्याच्या दोन तास आधी पोहे किंवा उपमा खावा. पहिल्या दीड-दोन तासांनंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हवीत. एका केळ्यात साधारण २५, पाच लहान खजुरांत ३० आणि शेंगदाण्याच्या चिक्कीच्या ३० ग्रॅम वडीत १५-१७ ग्रॅम मिळतात. उतरून आल्यावरची पिठलं-भाकरी मनावर दडपण न घेता खावी. ग्लायकोजेनची कोठी त्या वेळी ते पिष्ट सर्वाधिक सहजतेने सामावून घेते.

पिशवीत ओआरएसची पुडी असावीच. ‘त्यात साखर आहे’ म्हणून ती टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. आतड्यात मीठ आणि पाणी शोषले जाण्यासाठी ते मुद्दाम घातलेले असते.

नवा आहार आणि मोठा ट्रेक एकाच आठवड्यात सुरू करू नये. बदलानंतरचे पहिले तीन आठवडे घराजवळची टेकडीच बरी.

कोणी स्वतःहून प्रयोग करू नये?

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची मात्रा जुन्या आहारावर ठरलेली असते. पोळी-भात कमी केला, त्यात दिवसभर चढाई झाली आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही लक्षणे गडावर साध्या थकव्यासारखीच दिसतात. अशा व्यक्तीजवळ ग्लुकोज हवे आणि सोबतच्यांना तिच्या आजाराची कल्पना हवी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांच्यासोबत कर्बोदके फार कमी केली तर रक्तात आम्ल साचण्याचा कीटोॲसिडोसिस हा गंभीर विकार होऊ शकतो, तोही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली नसताना. सतत मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास ही लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब पाणी आणि मीठ घटल्याने नेहमीपेक्षा खाली जाऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेले, गर्भवती आणि वाढत्या वयाची मुले यांनीही कर्बोदकांना मोठी कात्री लावू नये.

औषध सुरू असेल तर पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगाव्यात : ताटातून काय कमी होणार आहे आणि किती तासांची चढाई ठरली आहे. गोळीची नवी मात्रा या दोन्ही उत्तरांवर ठरते.