लहान मुलांमधील नीलांची जन्मजात विकृती

बाळाच्या ओठावर, गालावर किंवा पायावर निळसर, मऊ फुगवटा दिसतो. बाळ रडले की तो टरारतो, हलकेच दाबला की ओसरतो आणि सोडल्यावर सावकाश पुन्हा भरतो. घरात त्यास लासे म्हणतात, आणि गर्भारपणी ग्रहण पाळले नाही असा ठपका बहुधा आईवर ठेवला जातो. म्हणून प्रथम हेच नमूद करतो की, ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. बेल्जियममधील मिक्का विक्कुला यांच्या संशोधकगटाने सन २००९ मध्ये दाखवून दिले की, सुमारे निम्म्या रुग्णांत टीईके या जनुकातील बदल केवळ त्या गाठीतील पेशींत आढळतो, रक्तात आढळत नाही. अर्थात तो वारशाने आलेला नसून गर्भाची वाढ होत असताना एखाद्या पेशीत आपोआप घडलेला असतो. पिढ्यान् पिढ्या हा विकार असणारी कुटुंबे आहेत, परंतु ती विरळा.

दहा हजार बालकांत एखाददुसऱ्यास होणाऱ्या या विकारात नीलांच्या भिंतीतील स्नायूंचा थर अपुरा असतो. त्यामुळे त्या फुगतात, रक्त साचते, गोठते. कधी त्या गुठळ्यांचे वाटाण्याएवढे खडे होतात आणि मूल वेदनेने कळवळते.

खरी अडचण नावाची आहे. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवून पुढे काही वर्षांत आपोआप विरणाऱ्या ‘हिमॅन्जिओमा’ या गाठीशी याची गल्लत होते. बोस्टन येथील जॉन मलिकन व ज्युली ग्लोवाकी यांनी सन १९८२ मध्येच हे दोन विकार वेगळे असल्याचे मांडले. तरीही ‘वाट पाहा, जाईल’ हा सल्ला दोहोंना सरसकट दिला जातो. हिमॅन्जिओमाच्या बाबतीत तो पुष्कळदा योग्य असतो, आणि गरज पडल्यास सन २००८ पासून प्रोप्रॅनोलॉल हे औषधही उपलब्ध आहे. नीलांची विकृती मात्र जात नाही. ती मुलाबरोबर वाढते आणि वयात येताना अधिक जोर धरते. याउलट साधी गाठ समजून घाईने चाकू लावल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते.

निदान बहुतांशी हाताच्या स्पर्शाने व नीट विचारपूस करून होते. डॉप्लर सोनोग्राफीने रक्ताचा संथ प्रवाह दिसतो. विकृती किती खोल गेली आहे, हे एमआरआयने कळते. ‘डी-डायमर’ या रक्तचाचणीवरून आत गुठळ्या होत आहेत का, याचा अंदाज येतो. शस्त्रक्रियेपूर्वी ती पाहणे अगत्याचे असते.

उपचारांत पायासाठी दाब देणारा मोजा, आणि पुढे स्क्लेरोथेरपी : भूल देऊन, सोनोग्राफी व क्ष-किरणांच्या साहाय्याने फुगलेल्या नीलेत औषध टोचून ती आतून आकसवणे. त्यानंतर काही दिवस सूज वाढते. पालकांनी घाबरू नये. एका बैठकीत क्वचितच भागते, काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. मर्यादित जागेतील गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरले जाणारे सिरोलिमस हे औषध विस्तृत विकृतीत वेदना व रक्तस्राव कमी करते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर तपासावे लागते.

आम्ही हिशेबाची माणसे. आमच्या तक्त्यात ‘दाखल’ आणि ‘बरे होऊन घरी’ असे रकाने असतात. ही मुले दुसऱ्या रकान्यात बसत नाहीत. वेदना थांबली, मूल शाळेत जाऊ लागले, एवढेच यश असते. निर्धन रुग्ण निधीतून औषधे व साहित्य यांचा खर्च भागविता येतो, परंतु एस.टी.चे भाडे आणि बापाची बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुधा येथेच. मूल वाढते तसा मोजाही बदलावा लागतो. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, मोज्यावर येत नाही. तरीही ज्या देणगीदारांना शक्य असेल, त्यांनी पावतीवर ‘पाठपुराव्यासाठी’ असा उल्लेख करावा, ही नम्र विनंती.

पालकांनी एमआरआयची सीडी व जुने सर्व कागद जपून ठेवावेत आणि प्रत्येक भेटीस सोबत आणावेत. गाठीत अचानक कळ आली, ती कडक झाली किंवा पाय एकदम सुजला, तर पुढील तारखेची वाट न पाहता मुलास त्वरित घेऊन यावे.