ट्रकच्या पाठीमागची हवा

१८९९ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथे चार्ल्स मर्फी या सायकलपटूने एक मैलाचे अंतर ५७.८ सेकंदांत कापले. म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर! मर्फी धावत्या आगगाडीच्या अगदी पाठीमागे, रुळांच्या मधे अंथरलेल्या फळ्यांवरून सायकल चालवत होता. हवा बाजूला सारण्याचे काम आगगाडीने केले होते.

महामार्गावर मोठ्या ट्रकच्या मागे राहिले की पेट्रोल वाचते, असे काही चालक सांगतात. ते खोटे नाही. २००७ साली 'मिथबस्टर्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात ताशी ९० किलोमीटरच्या आसपास ही चाचणी घेतली गेली. ट्रकमागे ३० मीटरवर ११ टक्के, तर ३ मीटरवर ३९ टक्के इंधन वाचले.

असे का व्हावे? ट्रकची पाठ खोक्यासारखी सपाट असते. बाजूंनी वेगाने येणारी हवा तिच्या काटकोनी कडेवरून एकदम आत वळू शकत नाही. त्यामुळे ट्रकमागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो आणि त्यातली हवा ट्रकबरोबर पुढे ओढली जाते. मागच्या गाडीवर येणाऱ्या हवेचा सापेक्ष वेग त्यामुळे कमी होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने थोड्या फरकानेही बरेच साधते.

हे वर्गात दाखवता येईल. पेटत्या मेणबत्तीसमोर, थोडे अंतर ठेवून, तळहाताएवढा पुठ्ठा उभा धरा व त्यावर फुंकर मारा. ज्योत दूर न जाता पुठ्ठ्याकडेच झुकेल. पुठ्ठ्याच्या जागी गोल बाटली ठेवा. आता हवा बाटलीच्या अंगाला धरून मागे वळते आणि ज्योत विझते! आधी मुलांना अंदाज करायला सांगावा, बहुतेकांचा चुकतो.

माझा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून रोज ट्रकमागे चिकटून येतो असे कळले, तेव्हा मी त्याला फळ्यावर एक गणित घातले. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पुढच्याने ब्रेक लावल्याचे लक्षात येऊन आपला ब्रेक दाबला जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. दोघांचे ब्रेक अगदी सारखे असले, तरी टक्कर टाळायला मधे निदान २५ मीटर हवेत. ३ मीटरमध्ये भागेल कसे? शिवाय ट्रकआड पुढचा खड्डा दिसत नाही आणि ट्रकचालकाला आरशात आपणही दिसत नाही.

"मग पेट्रोल वाचवायचे कसे?" त्याने विचारले.

वेग ९० वरून ७२ वर आणावा, म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० भागिले २५ याचा वर्ग ०.६४. हवेचा रोध ३६ टक्क्यांनी घटला! चाकांचे घर्षण फारसे बदलत नाही, तेही हिशेबात धरले तर लहान मोटारीला अडवणारे एकूण बल सुमारे चौथाईने कमी होते. शंभर किलोमीटरला सोळा-सतरा मिनिटे जास्त लागतील.