तुटक रेघेवरून चालताना

गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. देवगड तालुक्यातल्या एखाद्या किनारी गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून घ्यावा आणि त्या एकेरी रेघेवरून चालायला निघावं. कागदावर बोट सरळ पुढे जातं, पाय मात्र कुठल्या तरी तारेच्या कुंपणापाशी अडतात. पलीकडे हापूसची कलमं, नाहीतर चिरेखाण.

याच तालुक्यातल्या मिठबावची रचना आपल्या किनाऱ्यावर ओळखीचीच आहे. समुद्रात घुसलेल्या टेकाडावर गजबादेवीचं देऊळ, खाली लांबलचक पुळण, तांबळडेगकडे जाणारी किनारपट्टी. मग माडांच्या बागा, भाताचे कुणगे आणि त्यामागे घाटी चढून जांभ्या कातळाचा सडा. वाडीतून सड्यावर, सड्यावरून शेजारच्या गावात अशा वाटा गुरं, लाकूडफाटा, बाजार आणि सोयरिकी यांनी पाडलेल्या. दोन्हीकडे गडगे, मध्ये पाणंद, गुरं आत शिरू नयेत म्हणून आडव्या दांड्यांचं बेडं. दांडी काढायची, पलीकडे जायचं, पुन्हा घालायची. जमीन खाजगी आणि वाट सगळ्यांची, यात कुणाला विसंगती वाटत नसे.

सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून त्याला पडीक म्हणायची सवय लागली आहे. पावसाळ्यात वर गेलेला माणूस असं म्हणणार नाही. कातळावरच्या बोटभर मातीत गेंद उगवतो, ओलसर जागी सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात. ही सीतेची आसवं कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीत नत्र कमी, म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव धरते. दीपकाडी पहिल्या पावसानंतर फुलते. तिचा नैसर्गिक अधिवास कोकण-गोव्याच्या पट्ट्यापुरताच आहे. या सड्यांवर कातळशिल्पंही आहेत. मालवण तालुक्यातल्या हिवाळे गावची शिल्पं सतीश लळित यांनी 2001 मध्ये उजेडात आणली. त्याच तालुक्यातलं कुडोपी 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. रत्नागिरीकडे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम सडे पायी पालथे घालून, गुराख्यांना आणि जुन्या माणसांना विचारून केलं. चालणारी माणसं नसती तर त्यातली कितीतरी शिल्पं चिऱ्यांसोबत ट्रकमधून गेली असती.

गटाने चालण्याची रीत या भागाला शहराकडून शिकावी लागलेली नाही. महाशिवरात्रीच्या कुणकेश्वर यात्रेला गावोगावच्या देवस्वाऱ्या येतात. तरंग, निशाणं, ढोल आणि मागे अनवाणी रयत, असं मैलोन् मैल चालत येऊन समुद्रात तीर्थस्नान. मालवण तालुक्यात आचरा, मसुरे या बाजूला डाळपस्वारी असते. देव वाडी-वाडीतून फिरतो, सीमेपर्यंत जातो, पूर्वापार ठरलेल्या मार्गाने. आचऱ्याची गावपळण तर सगळा गावच घेऊन वेशीबाहेर पडते, गुराढोरांसकट. याकडे आपण श्रद्धा म्हणून बघतो, ते ठीकच. मला यात वाटांची तपासणीही दिसते. देवाच्या वाटेवर कुंपण घालायची छाती सहसा कुणाची होत नाही. ज्या वाटेने देव जात नाही, तिचा वाली कोण?

शहरात हा प्रश्न आधी उभा राहिला. पुण्यात पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडीवर रोज जाणाऱ्यांच्या पिढ्या आहेत. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचा म्हटल्यावर एप्रिल 2023 मध्ये हजारो माणसं मोर्चाने चालली. त्यांना एकत्र आणणं जमलं ते रोजच्या फिरण्यामुळे. खाणीतलं पाणी कुठे साठतं, मोर कुठे दिसतात हे त्यांना आधीच ठाऊक होतं. इंग्लंडात 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण, बरेचसे कामगार, शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि पायवाटांचा कायदा आला, त्यामागे अशा चालणाऱ्यांचा रेटा होता.

आपल्याकडेही कायदा आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 15 सांगतं की वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्काने आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेचा हक्क पक्का होतो. शेतात जायला बांधावरून वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे. वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. फक्त दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत गुदरला पाहिजे.

खरी गोम या सहा महिन्यांत आहे. शेतकरी आपल्या वाटेवरचा अडथळा दुसऱ्या दिवशी पाहतो. सड्यावरच्या वाटेने आता रोज कोण जातं? गुरं कमी झाली, गॅस आला, शेजारच्या गावाला मोटरसायकलने वळसा घालून दहा मिनिटांत पोचता येतं. कुंपण दिवाळीत पडलं की शिमग्यात, हे सांगणारा साक्षीदारच राहत नाही. पाणंदीसाठी सरकारी योजना आहेत, 2021 ची मातोश्री योजना त्यातलीच. पण तिचा भर शेतात यंत्रं नेणाऱ्या रस्त्यांवर. एकेरी तुटक रेघ तिच्या हिशेबात बसत नाही. बागायतदारालाही एकट्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. कातळ फोडून, माती वाहून आणून त्याने कलम जगवलं. माकडं आणि चोर यांच्यापासून त्याला ते राखायचं आहे. तारेत एक बेडं ठेवायला सांगितलं तर बहुतेक जण ऐकतील, पण सांगायला कुणीतरी तिथे गेलं पाहिजे.

म्हणून मिठबावसारख्या गावाने निसर्गभ्रमंतीचा कार्यक्रम करायचा तर फुलांचा हंगाम तेवढा पाहून चालणार नाही. वर्षातून एकदाच फिरणारा गट कायद्याच्या दृष्टीने उशिरा पोचू शकतो. गावाचं पंचांग मात्र सोयीचं आहे: चाकरमानी मे महिन्यात येतात, गणपतीत येतात, मग देवदिवाळी, मग शिमगा. चारही वेळी एक सकाळ सड्याला दिली तर दोन फेऱ्यांमधलं अंतर सहा महिन्यांच्या आत राहतं. गणपतीतल्या फेरीत फुलंही मिळतात. सोबत गावनकाशाची प्रत घ्यावी, वाट ओळखणारी दोन म्हातारी माणसं घ्यावीत, आणि जिथे रेघ अडते तिथे गट नंबर व तारीख वहीत लिहून घ्यावी. तहसीलदारापुढे पहिला प्रश्न तारखेचाच येतो.