न बदलणाऱ्या फायलींची सोय

वेबसाइटच्या पानावरचा मजकूर माणसागणिक बदलू शकतो. पण लोगो, रंगरूप ठरवणारी सीएसएस फाइल, जावास्क्रिप्ट हे सगळ्यांना सारखेच पाठवायचे असते. या झाल्या स्टॅटिक फायली.

आर्मिन रोनाखर यांनी 2010मध्ये आणलेल्या फ्लास्क या पायथनच्या आटोपशीर फ्रेमवर्कमध्ये अशा फायलींची सोय आयतीच असते. ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली, की ती त्याच नावाच्या पत्त्यावर मिळू लागते. ब्राउझरकडे आधीची प्रत असेल, तर तो ‘ही बदलली आहे का?’ असे विचारतो. बदल नसेल तर सर्व्हर फक्त 304 हा क्रमांक कळवतो. फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही.

खरी काळजी सुरक्षिततेची. पत्त्यात दोन टिंबे आणि तिरकी रेघ घालून कुणी फोल्डरबाहेरची, पासवर्ड असलेली फाइल मागू शकतो. फ्लास्क असा पत्ता ओळखून 404, म्हणजे ‘सापडले नाही’, असे उत्तर देते. फाइल उघडून देणारा कोड स्वतः लिहिला, तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही.

साइटवर गर्दी वाढली, की स्टॅटिक फायली पाठवण्याचे काम एनजिनएक्ससारख्या सर्व्हरकडे सोपवा. आणि स्टॅटिक फोल्डरमध्ये गुप्त काहीही ठेवू नका. तिथले सारे जगाला खुले असते.