चवीचे शब्द आणि मद्याची परीक्षा

युरोपात व अमेरिकेत पेठेतील मद्यविक्रेता आठवड्यातील एखाद्या सायंकाळी आपल्याच दुकानात चारपाच बाटल्या उघडतो, जमलेल्या गिऱ्हाइकांना प्रत्येकीतील घोटभर वाईन किंवा बिअर चाखावयास देतो आणि तिच्या गुणदोषांची चर्चा करतो. नागपुरातील महाल भागात असा प्रकार पाहावयास मिळत नाही. येथील दुकानदाराचा परवाना बंद बाटली विकण्याचा असतो. दुकानातच पेला भरून देणे त्या परवान्यात बसत नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा पाहावयाची तर नाशिककडील वाईनच्या कारखान्यांत जावे लागते. तेथे सुला ह्या कंपनीने २००५ साली वाईन चाखण्याचे स्वतंत्र दालन उघडले. परंतु तेथेही चवीचे वर्णन बहुधा इंग्रजी शब्दांतच होते. मराठीत ह्यासाठी शब्दच नाहीत, असे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण कितपत खरे आहे, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पेयांची नावे

प्रथम नावांचा विचार करू. मराठीतील मद्यवाचक नावे तीन तत्त्वांवर बनलेली दिसतात. पहिले तत्त्व उगमाचे. ताडापासून ताडी, माडापासून माडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांपासून मोहाची. दुसरे तत्त्व कृतीचे : हातभट्टीची, पहिल्या धारेची. तिसरे तत्त्व कायद्याचे : देशी, विदेशी. उगमावरून नाव देण्याची रीत जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक हे दोन प्रकार प्रदेशांवरून ओळखले आहेत. ‘नाशिक व्हॅली वाईन’ हे आजचे नाव त्याच जातीचे होय. ह्या तिन्ही तत्त्वांत चवीला स्थान नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सामान्य नावांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ औषध असा आहे. मराठीत तो मद्याला लागला, तसाच बंदुकीच्या चूर्णालाही लागला. दारूगोळा, शोभेची दारू हे प्रयोग त्याची साक्ष देतात. ‘वाईन’ ह्या शब्दाचा अर्थविस्तार तर आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे. महालात किंवा इतवारीत ‘वाईन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर असे सर्व काही मिळते. द्राक्षांची वाईन हा त्यातील एक लहानसा भाग असतो. म्हणजे बोलीत वाईन हा शब्द जातिवाचक झाला, तर द्राक्ष उत्पादकांच्या व शासनाच्या भाषेत तो विशिष्टवाचकच राहिला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नव्हे, ह्याच मुद्द्यावर वाद पेटला. तो वाद धोरणाचा होता हे खरे. परंतु दोन्ही पक्ष एकच शब्द दोन अर्थांनी वापरीत होते, हेही तितकेच खरे.

पिणाऱ्याला लावावयाच्या शब्दांत निंदेचा भाग मोठा आहे. बेवडा, दारूडा हे शब्द सर्वपरिचित आहेत. ‘तळीराम’ हे तर विशेषनामाचे सामान्यनाम झाल्याचे उत्तम उदाहरण होय. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ ह्या नाटकातील हे पात्र. गडकरी १९१९ साली नागपूरजवळील सावनेर येथे वारले आणि नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले. वर्धा व गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे नागपूरपासून फार दूर नाहीत. ज्या समाजात ह्या विषयावरील बोलणे प्रामुख्याने निषेधाचे राहिले, तेथे चव सांगणारी परिभाषा पेल्याभोवती तयार झाली नाही, ह्यात नवल नाही.

२. रसवाचक शब्द

पेल्याभोवती झाली नाही, तरी ती स्वयंपाकघरात पूर्वीच झालेली आहे. आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे सहा रस मानले. ह्यांतील कटु म्हणजे मिरीसारखा झोंबणारा व तिक्त म्हणजे कडुनिंबासारखा. मराठीत आलेला ‘कडू’ हा शब्द कटूपासून निघाला. परंतु त्याने अर्थ घेतला तिक्ताचा. झोंबणाऱ्या रसासाठी मराठीने तीक्ष्णापासून ‘तिखट’ हा निराळा शब्द घडविला. शब्द रसाला कायमचे जखडलेले नसतात, गरजेप्रमाणे ते जागा बदलतात, हा ह्यातील धडा होय.

वाईनच्या परीक्षेत प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात : गोडी, आंबटपणा व तुरटपणा. द्राक्षांच्या साली व बिया रसात राहिल्या की त्यांतील टॅनिन वाईनमध्ये उतरते. म्हणून तांबडी वाईन तुरट लागते, पांढरी सहसा लागत नाही. बिअरमध्ये हॉप ह्या वेलीच्या फुलांचा कडूपणा माल्टच्या गोडीला तोलून धरतो. ह्या चारही रसांना मराठीत रोजचे शब्द आहेत. इतकेच नव्हे, तर त्यांच्या पायऱ्याही आहेत. गोड, गोडसर, गुळचट, आंबट, आंबटसर, आंबूस, कडू, कडसर. ‘सर’ हा प्रत्यय केवळ प्रमाण कमी करतो, दोष देत नाही. उलट ‘गुळचट’ म्हणताच नाक मुरडले जाते. मळकट, तेलकट, धुरकट ह्यांतील ‘कट’ प्रत्ययही बहुधा नापसंतीच सुचवितो. आंबट व तुरट ह्यांतील ‘ट’ मात्र शब्दाचाच अंश होऊन गेला आहे. त्यात निंदा उरलेली नाही. परीक्षकाला हवा असलेला भेद, म्हणजे नुसते वर्णन आणि दोषदर्शन ह्यांतील भेद, मराठीच्या प्रत्ययांत असा आधीच अस्तित्वात आहे.

ज्या वाईनमध्ये साखर जवळजवळ उरलेली नसते, तिला इंग्रजीत ‘ड्राय’ म्हणतात. त्याचे ‘कोरडी’ असे भाषांतर करणे दिशाभूल करणारे आहे. द्रव पदार्थ कोरडा कसा, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतोच. त्यात मद्यविक्री बंद असलेल्या दिवसाला ‘ड्राय डे’ म्हणण्याची रूढी आणखी गोंधळ घालते. वास्तविक चहात साखर कमी पडली की तो ‘अगोड’ झाला असे म्हटले जाते. तोच शब्द येथे नेमका बसतो.

३. गंधवाचक शब्द

पेल्यातील पुष्कळसा भेद जिभेपेक्षा नाकाला कळतो. म्हणून परीक्षक पेला फिरवून आधी वास घेतो. युरोपीय भाषांत वासांना स्वतंत्र नावे थोडी. तेथे वस्तूंच्या नावांवर भागवावे लागते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे ॲन नोबल यांनी १९८० नंतरच्या दशकात वाईनच्या गंधांचे जे चक्र तयार केले, ते फळे, फुले, मसाले, लाकूड ह्यांच्या नावांवर उभे आहे. बिअरसाठी असे चक्र मॉर्टेन मेलगार्ड यांनी त्यापूर्वीच तयार केले होते. मराठीत मात्र खवट, कुबट, करपट, उग्र, खमंग असे वासाचेच म्हणावे असे शब्द आहेत. ह्यांपैकी ‘खमंग’ वगळता बाकीचे बहुतेक दोषवाचक आहेत. अन्न बिघडले की नाही हे गृहिणीला वासावरून ठरवावे लागे, हे त्याचे कारण असावे.

परीक्षेच्या दृष्टीने ही उणीव नसून सोय आहे. बुचाच्या लाकडात निर्माण होणाऱ्या ट्रायक्लोरोॲनिसोल ह्या द्रव्याने वाईन नासते. त्या वासाला ‘कुबट’ याहून अचूक शब्द शोधून सापडावयाचा नाही. वाईन सिरक्याकडे झुकू लागली की ती ‘आंबूस’ होते. दोष ओळखण्याच्या कामी मराठी भाषक आजच सज्ज आहे.

४. उपमाने

गुणांसाठी मात्र उपमाने शोधावी लागतील आणि ती परकी असून चालणार नाहीत. सोव्हिन्याँ ब्लाँ ह्या पांढऱ्या वाईनचे वर्णन गूजबेरीच्या वासाने करतात. कोशात पाहून त्याला आवळा म्हणावे तर ते चूक. ती दोन निराळी फळे आहेत. शिराझ ह्या तांबड्या वाईनला ब्लॅकबेरीची उपमा देतात. ते फळ ज्याने खाल्ले नाही त्याला तीतून काहीच कळत नाही. जांभूळ म्हटल्यास रंग, तुरटपणा व आंबटगोड चव ही तिन्ही अंगे एकदम ध्यानात येतात. नागपूरकरापाशी संत्र्याची साल, बोर, चिंच, भाजलेले जवस, वाळलेला मोह अशी उपमानांची समृद्ध शिदोरी आहे. आवळ्याचाही उपयोग आहे, पण तो निराळा : आवळा खाल्ल्यावर पाणी गोड लागते, त्यावरून घोट गिळल्यानंतर मागे राहणारी चव समजावून देता येते.

केवळ उपमाने जमविल्याने काम संपत नाही. ॲड्रिएन लेहरर ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषीने ‘वाईन अँड कॉन्व्हर्सेशन’ (१९८३) ह्या ग्रंथात दाखविले, की सामान्य पिणाऱ्याने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याला तीच वाईन ओळखणे फार कठीण जाते. शब्द तेच, पण प्रत्येकाचा अर्थ निराळा. अर्थ एक होतो तो एकत्र बसून, एकच पदार्थ चाखून, एकाच शब्दावर एकमत केल्याने. साप्ताहिक परीक्षेचे भाषिक महत्त्व नेमके येथे आहे. ती शब्दांचे अर्थ निश्चित करणारी बैठक असते. सावजीच्या भोजनालयात किंवा पोह्यांच्या गाडीवर ‘तर्री’ म्हणजे काय, हे कोणाला विचारावे लागत नाही, कारण तो अर्थ अशाच सहवासाने ठरला आहे.

वरील विवेचनाचे तात्पर्य असे, की मराठीत चवीच्या शब्दांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो एकमताच्या प्रसंगांचा. म्हणून संस्कृत धातूंवरून नवे शब्द पाडण्यापूर्वी गोडसर, अगोड, कडसर, आंबूस, कुबट ह्या प्रचलित शब्दांच्या छटा ठरवून घेणे अधिक फलदायी होईल. त्यासाठी मद्याचीही आवश्यकता नाही. बिनदुधाचा कडक चहा, आवळ्याचे पाणी, चिंचेचा कोळ व मेथीचा काढा क्रमाने चाखून दहा भाषकांनी लिहिलेली वर्णने ताडून पाहिली, तरी कोणता शब्द पक्का आहे व कोणता डळमळीत, हे स्पष्ट होईल. अशी पाहणी महालातील घरांतून करता येण्याजोगी आहे, आणि ती अभ्यासकांच्या हातून व्हावयास हवी.